खालच्या आळीतली दहा कुलपे

"एका गावात तर खुद्द मुख्याध्यापकच टमरेलासह पथकाच्या हाती लागले. त्यांना पळता भुई थोडी झाली. पुरावा नष्ट व्हावा म्हणून त्यांनी आमचा मोबाइल हिसकावून विहिरीत फेकला. त्याच गावच्या खालच्या आळीत शासनाने दहा शौचालये बांधून दिली होती. परंतु लाभार्थ्यांनी त्यांत गोवऱ्या भरून दारांना स्वतःची कुलपे ठोकली आणि ते सवयीप्रमाणे उघड्यावरच जात राहिले. सदस्यासारख्या जबाबदार व्यक्तीही त्याला अपवाद नव्हत्या. अशा मानसिकतेशी आम्ही झुंज दिली."

तालुक्याच्या गावी यंदाच्या जागतिक शौचालय दिनाला निघालेल्या स्मरणिकेत, मधल्या पानांवर, हा उतारा आहे. लिहिणारे गृहस्थ तेव्हा त्या गावचे ग्रामसेवक होते. आता ते वरच्या पदावर आहेत आणि प्रत्येक दिनाला कुठे ना कुठे त्यांना शाल मिळते. उताऱ्यातला मुख्याध्यापक मी. गाव लातूर जिल्ह्यातले, अहमदपूरहून एस.टी.ने तासाभराच्या वाटेवरचे. मी मूळचा हदगावकडचा आणि निवृत्तीनंतर नांदेडला स्थायिक झालेला. त्यांनी लेखात नावे टाळली आहेत, मीही टाळणार आहे. मात्र त्यांना नाव घेण्याची भीती आहे आणि मला गरज नाही, एवढा फरक वाचकाने ध्यानात ठेवावा.

उताऱ्याचा पहिला भाग मी नऊ वर्षे ऐकत आलो. शिक्षकांच्या लग्नकार्यांत, पतसंस्थेच्या सभेत, एकदा तर माझ्याच निरोप समारंभात. हसणाऱ्यांना मी हसू दिले. स्मरणिकेचे पान कोणीतरी मोबाइलवर पाठवले तेव्हाही मी ते वाचून मोबाइल पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. उताऱ्यात जिला 'जबाबदार व्यक्ती' म्हटले आहे, तिचा. चौथीपर्यंत ती माझ्या वर्गात होती, पुढे त्याच गावात सून म्हणून राहिली आणि खालच्या आळीच्या राखीव जागेवरून ग्रामपंचायतीची सदस्य झाली.

"गुरुजी, वाचलं का?"

"वाचलं. माझी बदनामी आहे. नवी नाही."

"तुमचं मरू द्या हो! त्याच्या खालची वाक्यं वाचली का? गोवऱ्या अन् कुलपं?"

"वाचली."

"मी पंचायतीला पुन्हा उभी राहून राहिले. हे पान गावात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरायलंय. हिनं संडास वापरते म्हणून खोटं लिहून दिलं होतं, म्हणतेत. तवा तुम्ही माझ्यासाठी गप बसलात, मला कळतंय. पर आता तुमचं गप राहणं मला महाग पडून राहिलंय."

"मी लिहिलं तर टमरेल तुझं होतं हेही लिहावं लागेल."

"लिहा की. सासूचं होतं म्हणून लिहा. मला वाचवलं बिचवलं असलं मात्र लिहू नका. मला ते आवडत न्हाई."

म्हणून हे लिहीत आहे. तिने घातलेली अट मला मान्य आहे, कारण ती सत्याला धरून आहे.

आधी त्या वर्षाविषयी. ते पाण्याच्या टंचाईचे वर्ष होते. गावची सार्वजनिक विहीर दिवाळीपूर्वीच गाळाला लागली होती आणि टँकर येई तो आळीआळीने वाटून घ्यावा लागे. याच वर्षी शाळेत दिनांचा पूर आला. तंबाखूविरोधी दिन, क्षयरोग दिन, एड्स दिन, मानवाधिकार दिन असे दिन पूर्वीही असत, पण आता आदल्या संध्याकाळी मोबाइलवर परिपत्रक येई आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोटो पाठवावा लागे. हात धुवा दिनाला आमच्याकडे टँकर आलाच नव्हता. मी मुलांना ओळीत उभे केले, कोरड्या हातांना साबण चोळल्याचा अभिनय करायला सांगितले आणि फोटो पाठवून दिला. वरून उंचावलेल्या अंगठ्याचे चित्र आले. हे मी अभिमानाने सांगत नाही. ग्रामसेवकांवर मी बोट ठेवणार आहे, तेव्हा माझे बोट कुठे कुठे होते हेही नोंदलेले बरे.

त्या वर्षी गाव हागणदारीमुक्त करायचे ठरले आणि घोषणेसाठी मुहूर्त निवडला गेला जागतिक शौचालय दिनाचा. खालच्या आळीत दहा शौचालये व्हायची होती, ती दिवाळीच्या सुमारास झाली. आळी बौद्धांची, दोन घरे सोडता सारी मजुरीवर जगणारी. मीही त्याच समाजातला. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली त्यानंतर दोन वर्षांनी माझा जन्म झाला. पण ते गाव माझे नव्हते आणि मी राहत होतो वरच्या आळीत, एका निवृत्त तलाठ्याच्या माडीवर, जिथे शौचालयही होते आणि घरमालकाच्या बोअरला थोडेफार पाणीही. माझ्या बचावात हा मुद्दा अनेकांनी मांडला आहे. मी तो मांडत नाही. शौचालय असलेला माणूस बाहेर जाऊ शकतो. वरच्या आळीतले निम्मे पुरुष जात असत.

दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत सदस्यबाईंनी विचारले, "एका वेळेला बादलीभर पाणी लागतं. आमच्या आळीला दिवसाला घरामागं दोन घागरी येतेत. त्याच्यात स्वयंपाक करायचा का संडासात वतायचं?" ग्रामसेवक म्हणाले, "पाण्याचा विषय वेगळ्या सभेचा आहे, ताई." लोक हसले. पण तिने गाव हागणदारीमुक्त असल्याच्या ठरावाला विरोध केला आणि तो नोंदवायला लावला. त्या दिवसापासून ती ग्रामसेवकांच्या डोळ्यांत सलू लागली, हे मी पाहिले आहे.

तिची एक नाजूक बाजू होती आणि ती ग्रामसेवकांना ठाऊक होती. सदस्याला घरी शौचालय असल्याचे आणि आपण तेच वापरत असल्याचे लिहून द्यावे लागते. तसे नसल्याचे सिद्ध झाले तर पद जाते. बांधकाम पुरे झाल्यावर ग्रामसेवकांनी दहा घरांच्या सह्या घेतल्या, त्यात 'शौचालय वापरात आहे' असा छापील मजकूर होता. तिने विचारले होते, "अजून वापरलं कुठंय?" त्यावर "सही करून ठेवा, समिती येऊन गेली की वापरा," असे तिला सांगण्यात आले. तिने सही केली. चौथीत मी तिला वाचल्याशिवाय सही करू नये असे शिकवले नव्हते, कारण चौथीत सह्या नसतात. तिने वाचले होते, तरीही केली. ही तिची चूक, आणि ती ते नाकारत नाही.

आता पथक. सरकारी भाषेत त्याला गुड मॉर्निंग पथक म्हणत. पहाटे गावाबाहेर उभे राहायचे, उघड्यावर जाणाऱ्यास अडवायचे, गुलाबाचे फूल द्यायचे, फोटो काढायचा. आमच्या पथकात ग्रामसेवक, ग्रामपंचायतीचा शिपाई आणि मी. यादीत माझे नाव ग्रामसेवकांच्या खाली होते. माझ्या पत्नीचे आजही म्हणणे असे, की पुढे जे घडले ते केवळ त्या एका कारणाने घडले. "तुमचं नाव वर असतं तर तुम्ही महिनाभर फुलं वाटली असती," असे ती पाहुण्यांदेखत म्हणते. नाव खाली होते हे खरे आहे. ते मला खुपले हेही खरे आहे. उरलेले तिचे अनुमान आहे.

फुले शाळेच्या बागेतली. मुलांनी तांब्यातांब्याने पाणी घालून जगवलेल्या तीन गुलाबांवर जेवढी आली तेवढी मी पहिल्या चार दिवसांत तोडली. नंतर कण्हेर. दहा पहाटा मी त्या पथकाबरोबर उभा होतो. एका म्हाताऱ्याने फूल हातात घेऊन विचारले, "कुनाची वरात हाय, गुरुजी?" आणि ते मुंडाशात खोवून तो चालता झाला. एका बाईने फूल घेतले नाही, तोंड फिरवून उभी राहिली; मी ते तिच्या पायांशी ठेवले आणि ग्रामसेवकांनी फोटो काढला. ती बाई कोण हे मला आजही माहीत नाही. ही दहा पहाटांची गोष्ट स्मरणिकेत नाही. असायला हवी होती; माझ्यावर आरोप करायचाच होता तर तो इथे करता आला असता आणि मी निरुत्तर झालो असतो.

पथक गेले कुठे, हेही सांगितले पाहिजे. वरच्या आळीचे पुरुष मारुतीमागच्या शेतांकडे जात. तिकडे आम्ही एकदाही गेलो नाही. आम्ही उभे राहत होतो ओढ्याच्या बाभळींपाशी, जिकडे खालच्या आळीच्या बायका येत. मी दुसऱ्या दिवशी याविषयी विचारले. "तिकडं उजेड चांगला न्हाई, सर. फोटो नीट येत न्हाई," ग्रामसेवक म्हणाले. मी पुढे बोललो नाही. पथक साडेपाचला येते असे कळल्यावर बायका पाचला येऊ लागल्या. आम्ही पाचला गेलो, तर त्या साडेचारला. आमच्या हदगावकडच्या आळीच्या बायकाही अशाच अंधारात जात. माझी आई उजाडण्याआधी परतली नाही तर दिवसभर पोट आवळून राही, पाणी पीत नसे. मला हे ठाऊक असताना मी बाभळीखाली कण्हेरीची फुले धरून उभा होतो.

अकरावी पहाट म्हणजे जागतिक शौचालय दिनाची. सकाळी अकराला शाळेच्या पटांगणात घोषणा, शपथ, नंतर तालुक्याची समिती खालच्या आळीत जाऊन शौचालये पाहणार, असा कार्यक्रम होता. ग्रामसेवक आदल्या संध्याकाळी म्हणाले होते, "आज शेवटचं. एखादा चांगला फोटो मिळाला पाहिजे." मला ते बोलणे साधे वाटले.

आम्ही पावणेपाचला पोहोचलो. बाभळींपलीकडे हालचाल होती. शिपायाने शिट्टी फुंकली आणि सावल्या उठून पळाल्या. दोन उरल्या. शिपायाने बॅटरी मारली. सदस्यबाई होत्या आणि त्यांच्या खांद्याचा आधार घेतलेली सासू. म्हातारीचे दोन्ही गुडघे गेलेले. तिला पळता येणे शक्य नव्हते आणि तिला सोडून सुनेलाही. सुनेच्या हातात टमरेल होते.

"थांबा सदस्यबाई, पळू नका," ग्रामसेवक म्हणाले.

"पळून कोन राहिलंय? बत्ती खाली करा आधी. म्हातारीच्या डोळ्यांत मारू नका."

"आजच्या दिवशी तरी हे करायला नको होतं. सदस्य म्हणजे गावाचा आदर्श असतो."

म्हातारी म्हणाली, "फोटू काढून राहिले का गं? थांबा मेल्यांनो, पदर तरी घेऊ द्या."

ग्रामसेवकांनी मोबाइल वर धरला आणि मागे न पाहता मला म्हणाले, "सर, फूल."

मी हललो नाही. तीच बोलली. "फूल कशाला देता, भाऊसाहेब? किल्ली द्या."

"कसली किल्ली?"

"माझ्या संडासाची. तुमच्या कुलपाची."

मला त्या क्षणापर्यंत कुलपांची माहिती नव्हती. खालच्या आळीत मी पोलिओच्या डोसापुरता जात असे. मी ग्रामसेवकांकडे पाहिले.

"दार तुमचं, कुलूप तुमच्या दाराला, अन् किल्ली माझ्याकडं?" ते म्हणाले. "सकाळी सकाळी काय बोलून राहिलात, बाई! शौचालयात गोवऱ्या भरायच्या, वरून कुलूप लावायचं अन् आमच्याकडं किल्ली मागायची." शिपाई हसला. तो का हसला हे मला दुपारी कळले.

"मग आत्ता चला," ती म्हणाली. "गुरुजींना घेऊन चला. दाखवा गोवऱ्या."

"दुपारी समिती बघंल की. आता जरा इकडं बघा." आणि त्यांनी मोबाइल तिच्या तोंडावर रोखला.

तिचे पद त्या एका चित्रावर टांगलेले होते. हातात टमरेल, पाठीमागे बाभळी, खाली तारीख आणि वेळ, आणि कचेरीत पडून असलेला 'वापरात आहे' असा सहीचा कागद. हे दोन कागद एकत्र आले की कोणीही तक्रार केली असती. मी पुढे झालो, तिच्या हातातले टमरेल काढून घेतले आणि तिच्यापुढे उभा राहिलो. मोबाइलचा उजेड चमकला. त्या चित्रात मी आलो: डोक्यावर मफलर, एका हातात कण्हेर, दुसऱ्या हातात टमरेल. ती माझ्यामागे अर्धी झाकलेली, चेहरा दिसत नाही असा.

म्हणजे टमरेलासह मी फोटोत सापडलो हे स्मरणिकेतले विधान खरे आहे. पळालो हे खोटे आहे. माझ्या गुडघ्यांचीही अवस्था म्हातारीपेक्षा फारशी बरी नव्हती.

मी म्हणालो, "हा फोटो काढून टाका." ते म्हणाले, "कशाला? भारी आलाय." आणि त्यांनी तो शिपायाला दाखवला. त्यानंतर मी मोबाइल त्यांच्या हातून ओढला आणि फेकला. निसटला, धक्का लागला, अंधारात कळले नाही, अशा कोणत्याही सबबीचा आश्रय मी घेणार नाही. मी फेकला. मात्र विहिरीत नाही. विहीर तिथून अर्ध्या मैलावर आहे आणि तारुण्यातही माझा हात तेवढा लांब जात नसे. तिथे गुरांची हौदी होती, तीत मी तो फेकला. हौदी कोरडी होती. पाणी असते तर तो फोटो वाचला नसता. शिपाई आत उतरला, मोबाइल पुसून वर आला आणि म्हणाला, "चालू हाय, भाऊसाहेब."

इथे दुसऱ्या आवृत्तीचे खंडन करावे लागते. ती माझ्या बाजूची आहे, म्हणून अधिक घातक. खालच्या आळीतले काही लोक आणि माझे दोन माजी सहकारी सांगतात की गुरुजींनी बाईची अब्रू वाचवली, बाई रडत त्यांच्या पाया पडली. ती रडली नाही. पाया पडण्याची तिच्या घरात रीत नाही, माझ्याही नाही. मोबाइल हौदीत पडल्यावर ती मला म्हणाली, "गुरुजी, टमरेल द्या इकडं. सासूचं हाय. अन् मधी कामून आलात? मी त्याला दारापाशी नेऊन राहिले होते." तिचे म्हणणे बरोबर होते. मी मध्ये पडलो नसतो तर कदाचित ती त्यांना पहाटेच कुलपापुढे उभे करू शकली असती. माझ्या पुढे होण्याने भांडण कुलपावरून टमरेलावर आले आणि नऊ वर्षे ते तिथेच राहिले. याचा दोष माझा आहे, आणि मी तो त्या दोन सहकाऱ्यांनाही ऐकवला आहे. त्यांना तो पटत नाही.

अकरा वाजता पटांगणात घोषणा झाली. शपथ मीच वाचली, कारण माझा आवाज मोठा आहे. तीन आठवड्यांनी, दहा डिसेंबरला, शाळेत मानवाधिकार दिन साजरा झाला आणि त्याच दिवशी माझ्या नावाची कारणे दाखवा नोटीस आली. सकाळी मी मुलांना सांगितले की प्रत्येक माणसाला जन्मतःच प्रतिष्ठा असते, आणि दुपारी मला विचारण्यात आले की पथकाचा सदस्य असताना आपण स्वतः उघड्यावर शौचास जाताना आढळलात, याबाबत आपले म्हणणे काय. सोबत फोटोची छापील प्रत जोडलेली होती.

माझे म्हणणे चार पाने झाले असते. पण टमरेल माझे नव्हते असे लिहिले असते, तर मग कोणाचे, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी आला असता, आणि माझ्या पाठीमागचा तो अर्धा झाकलेला आकार उघड झाला असता. निवृत्तीला एक वर्ष राहिले होते. मी एका ओळीचा खुलासा दिला: 'छायाचित्रातील टमरेल माझ्या हातात आहे, हे खरे आहे.' मला समज देण्यात आली. सदस्यबाईंनी आपली मुदत पूर्ण केली. मुदत संपेपर्यंत आणि त्यानंतरही मी कोणाला काही बोललो नाही. हे कोणाला औदार्य वाटत असेल तर वाटो. मला ती दहा पहाटांची परतफेड वाटत होती, आणि परतफेड करणाऱ्याने गाजावाजा करायचा नसतो.

स्मरणिका वाचून काही लोक विचारतात, की इतक्या वर्षांनी कोणाचे खरे हे ठरवणार कसे? फोटोत गुरुजी आहेत. गुरुजींचा खुलासा कचेरीत आहे. कुलपे कोणाची याला पुरावा काय? सदस्यबाई आपल्या बाजूने बोलणार, लिहिणारे आपल्या. शिवाय आता दारेही बदलली आहेत आणि तीन शौचालये पडली आहेत. हा प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्यांना मी विरोधक मानत नाही.

त्यांच्यासाठी त्या दिवसाची दुपार सांगतो. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, कारण कुलपांची चर्चा निघाली असती तर पहाटेची निघाली असती. शपथेनंतर समितीचे तिघे खालच्या आळीत आले. मुख्याध्यापक म्हणून मला बरोबर जावे लागले. दहा शौचालये एका रांगेत, निळ्या रंगाची, आणि दहांना एकाच जातीची पितळी कुलपे. दहा घरांची माणसे आपापल्या दाराशी उभी होती. सासूला कोणीतरी बाज आणून दिली होती. समितीतले वयस्क गृहस्थ म्हणाले, "उघडा." घरवाल्यांपैकी कोणीही हलले नाही. कोणी कमरेला हात घातला नाही, कोणी आत किल्ली आणायला गेले नाही. सदस्यबाई ग्रामसेवकांकडे पाहत होत्या. समितीतले गृहस्थ पुन्हा म्हणाले, "अहो, उघडा की. ऊन झालंय." तेव्हा ग्रामसेवकांनी पँटच्या खिशात हात घालून किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढला, कोणालाही न विचारता पहिल्यापासून दहाव्यापर्यंत सारी दारे ओळीने उघडली, आत कुठेही गोवरी नव्हती आणि प्रत्येक भांड्याच्या तोंडात गवंड्याने कोंबलेले सिमेंटच्या पोत्याचे बोळे तसेच होते, आणि दहा फोटो झाल्यावर त्यांनी दहाही कुलपे स्वतःच्या हाताने पुन्हा लावली, जुडगा खिशात टाकला आणि ते समितीबरोबर जेवायला गेले.